माशांचं शिळं पाणी

ते मासे मी मारले. माझ्या धाकट्या बहिणीचा त्यात काही दोष नव्हता. हे मी एकदाच मोठ्याने बोललो आहे, आणि तेही फार उशिरा. त्याआधी मी गप्प बसून जो काळ काढला, त्याबद्दल आज लिहायला बसलो आहे.

साताऱ्यात आमचं काचेचं आणि तसबिरींचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, पलटणीत गेलेल्या पोरांचे वर्दीतले फोटो यांना आम्ही चौकटी करून द्यायचो. युद्धाच्या दिवसांत वर्दीतल्या फोटोंचं काम फार आलं. काही घरांतून तोच फोटो वर्षा-दोन वर्षांनी परत यायचा. हार अडकवायला वर दोन खिळे मारून द्या, म्हणून. मी खिळे मारायचो. आमच्या घरातली भाकरी त्या खिळ्यांवरही चालली होती.

बहीण सांगलीला दिली होती, हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरात. तिचा नवरा विषमज्वराने गेला तेव्हा ती विशी ओलांडून थोडी पुढे गेली असेल. मूलबाळ नव्हतं. काही महिन्यांनी तिचा दीर तिला आमच्याकडे घेऊन आला. "ऱ्हाऊ द्या चार दिस म्हायेरी, जीव रमंल," असं म्हणाला आणि तो पुन्हा न्यायला आला नाही. मी तिला ठेवून घेतलं. चांगल्या मनाने ठेवून घेतलं, हेही लिहितो, कारण तेही खरं आहे. तिला पहाटे उठायची सवय होती. त्यामुळे गल्लीच्या हौदावरून पाणी आणायचं काम माझ्या बायकोकडून कधी तिच्याकडे गेलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात वळवाच्या गारांनी पाचगणीतल्या एका बंगल्याची तावदानं फुटली आणि ती बसवायला मला बोलावणं आलं. बंगल्यात एक म्हातारी मडम एकटी राहायची. पूर्वी ती तिथल्याच एका शाळेत शिकवत असे. तिच्या दिवाणखान्यात खिडकीपाशी काचेची एक पेटी होती, लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेली. आत पाणी, तळाशी वाळू, लांब पात्यांचं हिरवंगार पाणगवत, आणि त्यातून फिरणारे बोटाच्या पेराएवढे मासे. नरांच्या शेपटीवर तांबडे-निळे ठिपके होते. आता त्यांना सगळे गप्पी म्हणून ओळखतात. मी तोवर मासा पाहिला होता तो घाटाखालच्या डोहात, नाहीतर बाजारातल्या पाटीत. काचेआडून, डोळ्यासमोर, इतका स्वस्थ फिरणारा मासा मी पहिल्यांदाच बघत होतो. काच बसवायचं हातातलं लुकण सुकून गेलं तरी मी तिथंच उभा.

मडम हसली. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाली, काच तर तुझाच धंदा आहे, तू पण कर अशी पेटी. मग तिने मला सगळं नीट समजावलं. पेटी झाली की आधी वाळू धुऊन घाल, गवत लाव, पाणी भर आणि नुसती ठेवून दे. पाणी जुनं होऊ दे. गवताने मूळ धरलं, काचेवर हिरवी झाक आली, की मग दोन-चार मासे सोड. खायला चिमूटभर घाल. आणि दोन-दोनदा बोट हलवून तिने सांगितलं, "पानी को हाथ नहीं लगाना. पुराना पानी अच्छा."

परतीच्या मोटारीत मी हे शेजारच्या माणसाला थट्टेने सांगितलं. घरी आल्यावर बायकोलाही सांगितलं.

"शिळ्या पान्यात ठेवायचं म्हनती जित्या जिवाला!"

"त्यांस्नी काय," बायको म्हणाली, "त्यांच्यात समदं शिळंच चालतं."

आम्ही सगळे हसलो. आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी कुणी पीत नसे. पहाटे हंडे-कळश्या रिकाम्या व्हायच्या, उरलेलं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी जायचं. मग चिंच आणि राख लावून तांबं असं घासायचं की त्यात तोंड दिसावं, आणि त्यात ताजं पाणी भरायचं. आईने हेच केलं, आजीने हेच केलं. शिळं पाणी देवाला चालत नाही, पाहुण्याला देत नाहीत, ते मुक्या जिवाला कसं द्यायचं? स्वच्छता मी जन्मापासून शिकलो होतो. एका मडमेकडून ती नव्याने शिकण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

पेटी करायला घेतली. लोहाराकडून चौकट करून आणली. युद्धामुळे जाड काच मिळत नव्हती, म्हणून दुकानातल्या जुन्या कपाटाची दारं काढली. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लुकण केलं आणि काचा बसवल्या. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा ते एका कोपऱ्यातून झिरपून दुकानभर पसरलं.

"आवं, घरात हीर काढायचा इचार हाय का?" बायको दारातून ओरडली.

"हीर नव्हं वैनी, नदी," बहीण म्हणाली, आणि खळखळून हसली. आमच्याकडे आल्यापासून तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पदर खोचून तिने पाणी पुसून काढलं, आणि तो कोपरा मी पुन्हा लुकणाने भरत असताना ती काच धरून बसली. त्या दिवसापासून ती पेटी जशी माझी तशी तिचीही झाली. माहुलीच्या संगमावरून मी पोतंभर वाळू आणली, ती तिने पाणी नितळ निघेपर्यंत धुतली.

मला धीर नव्हता. पाणी भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बरणी घेऊन पाचगणीला गेलो. मडमेने विचारलं, पाणी किती दिवसांचं? मी म्हटलं, पुष्कळ दिवसांचं. तिने विश्वास ठेवला. मूठभर गवत आणि बरणीभर मासे दिले, मी त्याचं काही देऊ केलं ते घेतलं नाही.

दुकानात पेटी ठेवली आणि गल्ली लोटली. शाळेतली पोरं काचेला नाकं चिकटवून उभी राहायची. फोटो न्यायला आलेली म्हातारी माणसं टेकून बसायची. मला त्या कौतुकाची फार लवकर चटक लागली. पेटी रोज आरशासारखी दिसली पाहिजे, असं मी ठरवलं, आणि बहिणीला हुकूम दिला. रोज सकाळी सगळं पाणी काढायचं. मासे फडक्याने धरून लोट्यात ठेवायचे. वाळू उपसून धुवायची, काच घासायची, गवत धुऊन पुन्हा खोचायचं, आणि घासलेल्या तांब्याच्या हंड्यातलं ताजं पाणी भरायचं.

ती हे सगळं मन लावून करायची. पाणी पातळ फडक्यातून गाळून ओतायची. मासे लोट्यात सोडताना ओंजळीत धरून पाण्याखाली नेऊन मगच हात उघडायची. एकदा म्हणाली, "दादा, रोज रोज उपसल्यावर त्यास्नी तरास व्हत असंल का रं?"

"तू सांगतो तेवढं कर," मी म्हणालो.

आठवडा झाला नसेल, एक मासा पोटाचा पांढरा भाग वर करून तरंगताना दिसला. मग आणखी एक. उरलेले पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडी टाकायचे, अंग आखडून कोपऱ्यात राहायचे. मला वाटलं, पाणी अजून स्वच्छ हवं. मी तिला संध्याकाळीही पाणी बदलायला सांगितलं. मासे जितके मलूल होत, तितके आमचे हंडे जास्त घासले जात.

मडमेचं बोलणं मला आठवलं नाही, असं मी इथं लिहिलं तर कुणाला कळणार नाही. पण ते आठवलं होतं. एका सकाळी बहीण पाणी उपसत होती आणि मी बघत उभा होतो, तेव्हा ते बोट डोळ्यासमोर हलल्यासारखं वाटलं. मी तो विचार तिथंच दाबला. तो खरा मानला असता तर गल्लीत ज्याचं एवढं कौतुक झालं तो माणूस मूर्ख ठरला असता.

शेजारची म्हातारी रोज डोकावायची. तिने एकदा बायकोला, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "मुका जीव हाय. कुनाच्या हातचं पानी हाय ते त्याला कळतं बाई." बायकोने बहिणीकडे बघितलं. मीही बघितलं.

मग बाजाराचा दिवस आला. दुकानात गर्दी होती. सांगलीचा एक दलाल हळदीच्या कामाने साताऱ्याला यायचा आणि येताना आमच्याकडे एखादी तसबीर टाकून जायचा. बहिणीच्या सासरशी त्याची रोजची उठबस. तो पेटीपुढे वाकून म्हणाला, "काय वो, मागल्या खेपंला पेटी भरल्याली हुती. मासं कुनी तळून खाल्लं का काय?"

माणसं हसली. मला ते हसू झोंबलं. मी म्हणालो, "तिच्या हाताला काय टिकतंय? मानूस टिकला न्हाई, तितं मासं काय टिकत्यात."

हे म्हणताना मी आत बोट दाखवलं होतं. बहीण हंडा कमरेवर घेऊन दारातच उभी होती.

दुकानात कुणी हसलं नाही. दलालाने नुसतं "च्च" केलं आणि आपली तसबीर गुंडाळायला सांगितली. बहीण पुढे आली. तिने नेहमीसारखं फडकं धरून पेटीत पाणी गाळलं, रिकामा हंडा घेऊन आत गेली. गिऱ्हाइकं गेल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "दादा, मला सांगलीला सोड."

मी तिला थांबवू शकलो असतो. बोलण्याच्या भरात तोंडातून गेलं, एवढं म्हटलं असतं तरी ती थांबली असती. तिला जायचं नव्हतंच. सासरी तिच्यासाठी काय वाढून ठेवलं आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण ती गेली तर पेटीपुढची बोलणी थांबतील, असं मला वाटलं. मी म्हणालो, "बरं."

तिला सांगलीला पोचवून आलो तेव्हा पेटीच्या तळाशी दोन-तीन मासे कलंडून पडले होते. ते टाकून द्यायचा धीर झाला नाही आणि बघवतही नव्हतं. थोडं पाणी कमी करून दुकानातल्या पोऱ्याच्या मदतीने पेटी तशीच उचलली आणि परसात शेवग्याखाली नेऊन ठेवली. नंतर पाऊस सुरू झाला. त्या कोपऱ्याकडे मी फिरकलो नाही.

दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाला जाड काच हवी होती. पेटी मोडून काच काढावी म्हणून मी परसात गेलो. पाणी गर्द हिरवं झालं होतं. काचेवर शेवाळाचा थर, पाण्यावर शेवग्याची पानं, गवत माजून वरपर्यंत आलेलं. पेटी कलती करायला हात घातला, तो आत काहीतरी चमकलं. मी शेवाळ बोटाने पुसलं आणि डोळा लावला.

मासे होते. मरायला टेकलेले तेच मासे, धडधाकट, गवतातून फिरत होते. आणि त्यांच्याभोवती केवढी तरी पिल्लं, मोहरीला शेपूट फुटावं तशी.

चार महिने त्या पाण्याला कुणी हात लावला नव्हता. ना हंडा, ना चिंच, ना फडकं. मला आणखी कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मी तिथं उकिडवा बसलो आणि बायको कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"आगं बया!" ती म्हणाली. "जितं हायती की! बघा, घरातली पीडा गेली आनि कसं गोकूळ झालं."

मी म्हणालो, "व्हय."

बाजाराच्या दिवशी जे बोललो ते रागात बोललो, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. या "व्हय"ला तसली काही सबब नाही. तेव्हा मला राग आलेला नव्हता, आणि काय खरं आहे ते पुरतं कळलेलं होतं.

पेटी पुन्हा दुकानात आली. या वेळी फक्त पुढची काच आतून पुसली, बाकी काही हलवलं नाही. गल्ली पुन्हा लोटली. शेजारच्या म्हातारीने सगळ्यांना सांगितलं की ती बाई गेली आणि मासे जगले. हे खोटंही नव्हतं, म्हणून ते सगळीकडे पसरलं. लोक पेट्या करून मागू लागले. मी करून देत होतो आणि वर शिकवतही होतो. लगेच मासे सोडायचे नाहीत. पाणी मुरू द्यायचं, गवत रुजू द्यायचं. तांब्याचं भांडं लावायचं नाही. पिठाच्या गोळ्या पुण्य म्हणून टाकू नका, उरलेलं पीठ सडतं. पाणी आटलं तर आटलं तेवढीच भर, तीही घरात ठेवलेल्या पाण्याची. त्यात मडमेने सांगितलेलंही मी माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं सांगत होतो. कुणी विचारलं, मग तुमचे आधीचे मासे कसे मेले हो, तर मी म्हणायचो, "तवा घरात अडचन हुती." लोक समजल्यासारखी मान हलवायचे.

बहिणीला त्या दिवाळीला मी आणलं नाही. पुढच्याही नाही. काय तोंडाने आणू, असं मनाशी म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं. ती आली असती आणि मासे जगलेच असते, मग लोकांनी मला विचारलं असतं.

नंतर तो दलाल पुन्हा आला. पेटीपुढे उभा राहून खूश झाला. मग चहा पिताना मोठ्या आपुलकीने सांगू लागला, "तुमी त्या दिशी बोलला ते बरं झालं बगा. मी तुमच्या सांगलीच्या पाव्हन्यांच्या कानावर घातलं. मानसं सावध झाली. तरी बी औंदा एका पेवात पानी शिरलंच."

सांगलीजवळ हळद जमिनीत खोल खड्डे करून त्यांत साठवतात, त्यांना पेव म्हणतात. पेवात पाणी शिरलं तर वर्षाची हळद कुजते.

"चौकशी केली," दलाल म्हणाला, "तर ही बाई पेवाच्या तोंडावरनं चालत गेल्याली. आता तिला तिकडं फिरकू देत न्हाईत. हळदीला हात न्हाई, सैपाकाला हात न्हाई. गोठ्याकडं असती. शेन-पानी बगती."

चहाचा कप माझ्या हातात होता. मी तो पूर्ण प्यायलो.

"आनि हां," तो उठताना म्हणाला, "पाव्हन्यांनी पेढीवर अशीच पेटी मागितलीया. तुमच्या हाताला येश हाय म्हनत्यात."

मी लगेच सांगलीला धावलो असं नाही. पेटी करत बसलो. तशी पेटी मी दुसऱ्या कुणाला केली नाही. सागवानी बैठक, कोपरे घासून गुळगुळीत केलेले. काचा बसवताना समोर पलीकडून धरायला कुणी नव्हतं. पेटी दलालाबरोबर पुढे पाठवली आणि निरोप दिला की वाळू-गवत घालून पाणी भरा आणि महिनाभर कुणी हात लावू नका, मासे मी घेऊन येतो. तो महिनाभर मी रोज मनात बोलणी जुळवत होतो. कधी दिराशी, कधी तिच्याशी. सगळ्या बोलण्यांत मी थोडासाच चुकलेला असायचो.

मासे बरणीत घेऊन, तोंडाला फडकं बांधून, सर्व्हिस मोटारीने निघालो. उंब्रजला मोटार थांबली तेव्हा शेजारचा शेतकरी बरणीत वाकून म्हणाला, "पाव्हनं, पानी गढूळ झालंया. हितली हीर ग्वाड हाय. ताजं भरून घ्या की."

"नगं," मी म्हणालो.

"मरत्याल की वो."

"ताज्यानंच मरत्यात," मी म्हणालो. हे एवढं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही ज्याला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं त्याच्यापाशी. तो माणूस माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघू लागला आणि मग खिडकीकडे तोंड करून बसला.

पेढीवर पेटी खिडकीजवळ ठेवली होती. पाणी मुरलं होतं, गवताला नवी पाती फुटली होती. दीर गादीवरून उठून पुढे आला. पेढीवर दोन व्यापारी बसले होते, तो दलालही होता, दाराशी हमाल पोती मोजत होते.

"या पाव्हनं! तुमी सांगितलं तसं कुनाला हात लावू दिला न्हाई," दीर म्हणाला, आणि आवाज थोडा खाली आणून हसत पुढे बोलला, "आनि तिला तर हिकडं यिऊच दिलं न्हाई. तुमास्नी ठावंच हाय."

बरणी माझ्या हातात होती. मी म्हणालो, "आदी तिला भेटून येतो."

ती गोठ्यामागे गोवऱ्या थापत होती. केस पांढरे झाले नव्हते, पण वाकून काम करणारी ती बाई माझी बहीण आहे हे कळायला मला एक क्षण लागला. मला बघून ती उठली नाही.

"आलास व्हय, दादा. वैनी बरी हाय?"

मी उभ्यानेच सांगून टाकलं. मडमेचं बोलणं, ते मी दाबलं ते, शेवग्याखालची पेटी, पिल्लं, बायकोचं बोलणं आणि माझं "व्हय". जुळवून आणलेल्या बोलण्यांतलं एकही उपयोगी पडलं नाही. ती थापलेल्या गोवरीवरून बोटं फिरवत ऐकत होती.

"कवा कळलं तुला?" तिने विचारलं.

"त्याच दिवाळीला."

तिने गोवरीवरून हात काढला. मग म्हणाली, "त्या दिवाळीला मी गठुडं बांधून ठिवलं हुतं. तू न्यायला येशील म्हनून. भाऊबीज झाली तवा सोडलं."

मी बरणी पुढे केली. "चल. पेढीवर समद्यांच्या म्होरं तुज्या हातानं सोड मासं. बगू दे त्यास्नी."

"आनि मेलं तर?"

मी बरणी मागे घेतली.

"माज्या हाताची आता परीक्षा नगं बाबा," ती म्हणाली. "लय झाल्या." तिने हात बादलीत बुडवले आणि चोळून चोळून धुतले. "आनि मला काय सांगतूस हितं गोठ्यात? मला माजा हात ठावं हाय. तू बोललास तवा दुकानात मानसं हुती की."

मी माघारी वळलो. पेढीवर येऊन बरणी गादीजवळ खाली ठेवली. दीर म्हणाला, "सोडा आता मासं." हमालांची मोजणी चालूच होती. मागच्या दारात ती येऊन उभी राहिल्याचं मला पायांच्या आवाजावरून कळलं. उंबऱ्याच्या आत मात्र तिने पाऊल टाकलं नाही.

"मोजनी जरा थांबवा," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे बघू लागले. "पाव्हनं, हिच्या हाताबद्दल मी दुकानात जे बोललो ते खोटं हुतं. ते मासं मी मारलं. रोज ताजं पानी घालायचा हुकूम माजा हुता, आनि त्या पान्यानंच ते मेलं. तसं करू नगं म्हनून मला आदीच सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. हिनं माजं ऐकलं, एवडाच हिचा गुन्हा. मागनं मला समदं कळलं, तरी मी लोकास्नी तसंच म्हनू दिलं. तुमच्या पेवात पानी शिरलं त्याचा बी हिच्याशी काय संबंध न्हाई. ती गोष्ट तुमच्या डोक्यात मी घातली."

दलाल खाली बघू लागला. दीर काही तरी बोलायला गेला, पण मी त्याच्याकडे पाठ करून दाराकडे वळलो. ती ओले हात तसेच धरून उभी होती.

"मी तुज्यावर आळ घेतला," मी म्हणालो. "माजी लाज झाकायला घेतला, आनि खरं कळल्यावर बी तो तसाच ठिवला. तू वाट बगत हुतीस, मी आलो न्हाई. माजं चुकलं. मला माफ कर."